तिने व्यवहार का मोडला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना, याची खात्री होईल.

तुमच्या वाचनगटाने एक लघुकथा वाचली. वडील वारल्यावर मुलगी त्यांचं घर विकायला येते. घर बघायला आलेलं गिऱ्हाईक खोल्यांची मापं घेतं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा असतात, लहानपणी तिची उंची मोजून वडलांनी केलेल्या. त्या बघून तो माणूस म्हणतो, 'रंगाचा एक हात मारला की झालं.' पुढचं वाक्य आहे, 'ती काहीच बोलली नाही.' रात्री पाऊस येतो, वीज जाते, आणि मेणबत्ती शोधताना तिला टेबलाच्या खणात पत्रांचा गठ्ठा सापडतो. 'सगळी तिचीच पत्रं होती. फोडलेलं एकच.' त्यानंतर एक मोकळी ओळ, आणि शेवटचं वाक्य : 'दुसऱ्या दिवशी सकाळी तिने व्यवहार मोडला.'

तुम्ही म्हणालात, पत्रांमुळे मोडला. दुसरीने सांगितलं, वडलांनी जपलेल्या खुणा पुसल्या जाणार म्हणून मोडला. तिसरा म्हणाला, त्या रात्रीने, अंधाराने आणि पावसाने तिला हलवलं. चौथा म्हणाला, कारणबिरण काही नाही, माणसं असंच वागतात. तासभर वाद झाला, आणि घरी आल्यावर तुम्हाला खरा प्रश्न पडला : लेखकाने कारण लिहिलेलंच नाही, मग आपण जे शोधतोय ते कथेतलं कारण की आपल्याच मनातलं?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे. बावीस वर्षं मी कथांचं संपादन करतेय आणि जवळपास तितकीच वर्षं वाचन-कार्यशाळा घेतेय. चौघांपैकी कोण बरोबर, ही या प्रश्नाची वरची बाजू झाली. खालची बाजू अशी की वाचताना कारण नेमकं कुठे तयार होतं, आणि तयार झालेलं एक कारण दुसऱ्यापेक्षा चांगलं कशावरून म्हणायचं. उत्तर लांबेल, पण तुम्ही दिलेली कथा हाताशी आहे, तिच्यावरच बोलू.

आधी एक कबुली. मी पूर्ण कथा वाचलेली नाही, तुमचा सारांश आणि चार-पाच वाक्यंच माझ्यासमोर आहेत. शिवाय बरंच काही कथेच्या जातीवर अवलंबून असतं. रहस्यकथेत लेखक वाचकाला कारण देणं लागतो, ते दिलं नाही तर फसवणूक होते. लोककथेत उलटं. 'एक आटपाट नगर होतं, राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती.' नावडती का, हे आपण कधी विचारतो का? विचारलं तर गोष्ट पुढेच सरकणार नाही. आधुनिक लघुकथा या दोघींच्या मध्ये कुठेतरी उभी असते. ती कारण विचारायला लावते आणि उत्तर हातात ठेवत नाही. तुमची कथा तशी आहे असं धरून पुढे जाते.

कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते. 'खिडकी रात्रभर उघडी राहिली. सकाळी पिंजरा रिकामा होता.' मग विचारते, काय झालं? सगळे एका सुरात सांगतात, पक्षी उडून गेला. मी म्हणते, कुठला पक्षी? वाक्यात पक्षी दाखवा. पिंजऱ्याचं दार उघडं होतं असं कुठे लिहिलंय? तो पिंजरा आदल्या दिवशीही रिकामा नसेल कशावरून? खोलीत थोडी शांतता पसरते. एखादा म्हणतो, मांजर आलं असेल. म्हणजे आता दोन वाक्यांत नसलेला पक्षी आणि नसलेलं मांजर असे दोन प्राणी झाले. एका वर्षी एक बाई म्हणाल्या, 'पक्षी आधीच मेला असणार. म्हणून तर खिडकी उघडी राहिलेली कुणाच्या लक्षात आली नाही.' त्यांनी कार्यकारणाचा बाणच उलटा फिरवला होता, आणि दोन्ही वाक्यं जशीच्या तशी राहिली होती. ते उत्तर मी अजून विसरलेले नाही.

इथे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचं उदाहरण बहुतेकांना आठवेल. १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी म्हटलं की 'राजा मेला आणि मग राणी मेली' ही नुसती गोष्ट, आणि 'राजा मेला आणि मग त्या दुःखाने राणी मेली' हे कथानक. शिकवायला हा भेद सोयीचा आहे. पण माझा अनुभव असा की वाचक पहिलं वाक्यसुद्धा दुसऱ्यासारखंच वाचतो. 'दुःखाने' हा शब्द त्याला लागत नाही, तो मनातल्या मनात घालून घेतो. फार तर कुणी विषप्रयोगाचा संशय घेईल, पण दोन मृत्यू सुटे सुटे कुणीच ठेवत नाही. हे जुनंच आहे. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात बजावलं होतं की एखादी गोष्ट दुसरीमुळे घडणं आणि दुसरीनंतर घडणं यांत मोठा फरक आहे. आयुष्यात हा फरक विसरला की आपण फसतो. कथा मात्र वाचकाच्या याच विसरण्यावर चालते.

आता भाषेकडे येते, कारण माझं रोजचं काम तिथेच आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात कारण नेमकं कुठून शिरतं ते तिथे दिसतं. 'वडील गेल्यामुळे त्याने शिक्षण सोडलं' आणि 'वडील गेल्यावर त्याने शिक्षण सोडलं.' पहिल्यात '-मुळे' आहे, कारण लेखकाने स्वतः सांगितलं. दुसऱ्यात '-वर' आहे, म्हणजे फक्त काळ सांगितला. तरी शंभरातले बहुतेक वाचक दुसरं वाक्यही पहिल्यासारखंच घेतात. फरक एकच पडतो : दुसऱ्या वाक्यात ती जबाबदारी वाचकाची असते. पुढे कळलं की त्याला शिक्षण आधीपासूनच नको होतं आणि अडवणारा माणूस गेला तेव्हा त्याने सोडलं, तर लेखक खोटं बोलला असं म्हणता येत नाही. '-वर' लिहून त्याने वाट मोकळी ठेवलेली असते. हस्तलिखित वाचताना माझी पेन्सिल अशा प्रत्ययांवर थांबते. '-ताच', '-ल्यावर', '-ल्यापासून', 'आणि मग', नुसता पूर्णविराम. यातला प्रत्येक जण वाचकाला वेगळ्या जोराने ढकलतो.

क्रियापदांचंही तसंच. खिडकी उघडी राहिली, कुणीतरी उघडी ठेवली, उघडी टाकली. राहिली म्हणताना दोष कुणाचाच नाही. ठेवली म्हटलं की हेतू आला. टाकली म्हटलं की बेफिकिरी आली, आणि बेफिकिरीबरोबर आरोप आला. मघाच्या दोन वाक्यांत 'राहिली'च्या जागी 'ठेवली' घालून बघा. पक्षी तोच, पण आता तो उडालेला नसतो, कुणीतरी सोडलेला असतो.

आता तुमच्या कथेचं शेवटचं वाक्य याच नजरेने बघा. मराठीत 'व्यवहार मोडला' एवढंच लिहिलं तर तो आपोआप फिसकटला असा अर्थ होतो. 'तिने' हा एकच शब्द सगळं बदलतो. मोडण्याची कृती तिची झाली, म्हणजे त्यामागे मन आलं, आणि मन आलं की 'का' आलाच. त्याच वाक्यात 'म्हणून' नाही, 'त्यामुळे' नाही. 'दुसऱ्या दिवशी सकाळी' एवढाच काळाचा धागा आहे. लेखकाने कर्ती दिली, वेळ दिली आणि कारणाची जागा रिकामी सोडली. हा हलगर्जीपणा असता तर 'तिने' आणि ती मोकळी ओळ इतक्या नेमक्या ठिकाणी आली नसती. म्हणजे तुम्ही चौघांनी वाद घातलात तो कथेच्या बाहेर जाऊन घातला नाही, कथेने ठेवलेल्या जागेतच घातला.

पण जागा रिकामी ठेवण्यात लेखकाला मिळतं काय? यावर एक प्रयोग मला पटतो, कारण तो माझ्या अनुभवाशी जुळतो. १९८४ साली मानसशास्त्रज्ञ जॅनिस कीनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचकांना वाक्यांच्या जोड्या वाचायला दिल्या. दुसरं वाक्य एकच : दुसऱ्या दिवशी मुलाच्या अंगावर काळेनिळे डाग होते. पहिलं वाक्य बदलत जायचं. मोठ्या भावाने त्याला बडवलं, इथे कारण उघड आहे. तो उतारावरून सायकलसकट पडला, हे थोडं लांब. आई त्याच्यावर भयंकर चिडली, हे आणखी लांब. तो शेजारी खेळायला गेला, हे सगळ्यात लांब. जितकं लांब, तितका वाचायला वेळ जास्त लागला, हे अपेक्षितच होतं. पण आठवण सर्वांत चांगली राहिली ती मधल्या अंतराच्या जोड्यांची. कारण अगदी जवळ असेल तर वाचकाला काही करावं लागत नाही, फार लांब असेल तर दुवा जुळत नाही. मधल्या अंतरावर तो स्वतः पूल बांधतो, आणि स्वतः बांधलेला पूल लक्षात राहतो. आई चिडली आणि मुलाच्या अंगावर डाग होते, या दोन वाक्यांमध्ये जे घडलं ते वाचकाने स्वतः पाहिलेलं असतं. म्हणून ते जास्त दुखतं.

माझ्या हातून यात एक चूक झालीय, ती सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिच्यात आहे. संपादनाची सुरुवातीची वर्षं होती. एका नव्या लेखकाची कथा आली. शिंप्याच्या दुकानात एक शिवून झालेला सदरा कित्येक वर्षं टांगलेला आहे, न्यायला कुणी आलेलं नाही. शिंप्याची बायको रोज त्यावरची धूळ झटकते. एके दिवशी ती कात्रीने त्याची बटणं कापते आणि दुसऱ्या कपड्याला लावते. कथा संपली. मी लेखकाला लिहिलं, वाचकाला कळायला हवं. त्याने नाइलाजाने एक वाक्य घातलं : 'त्याची वाट बघणं तिने सोडलं होतं.' कथा तशीच छापली. बऱ्याच वर्षांनी तो लेखक भेटला. मी विषय काढला, तर शांतपणे म्हणाला, 'ती वाट बघत होती की नाही, हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी तिला बटणं कमी पडली, एवढंच मला दिसलं होतं. आणि इतक्या वर्षांनी बटणं कमी पडणं पुरेसं झालं, याचं मला भय वाटलं होतं.' ते भय माझ्या एका वाक्याने पुसून टाकलं. मी घातलेलं कारण माझं होतं, कथेचं नव्हतं, आणि छापलं गेल्यामुळे ते सगळ्या वाचकांचं झालं. त्या दिवसापासून मी कुठल्याही हस्तलिखितात 'कारण' घालायला सांगितलेलं नाही. काढायला मात्र पुष्कळदा सांगितलं आहे.

तर इथपर्यंत एवढं धरून चालू : कथा क्रम देते, भाषा वाचकाला कमीजास्त ढकलते, आणि कारण वाचक पुरवतो. मग सगळीच कारणं सारखी का? मुळीच नाही. माझ्या शिंपिणीच्या कथेत मी पुरवलेलं कारण वाईट होतं, आणि ते वाईट का होतं हे सांगता येतं.

याबाबतीत मला न्यायशास्त्राची, म्हणजे कायद्याची नव्हे, तर आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राची फार मदत झाली. त्या पंडितांचं आवडतं उदाहरण म्हणजे कुंभार आणि घडा. घडा तयार व्हायच्या आधी जे जे हजर होतं ते सगळं कारण मानायचं का? कुंभाराच्या हातातला दंड कारण आहे, पण दंडाचा रंग? कुंभार कारण आहे, पण कुंभाराचा बाप? तो नसता तर कुंभारच नसता. आणि त्या दिवशी माती घेऊन आलेलं गाढव? तेही आधी हजर होतं. या सगळ्यांना त्यांनी 'अन्यथासिद्ध' म्हटलं. आधी असतात, पण घड्याचा उलगडा त्यांच्याशिवाय होतो. शब्द जड आहे, पण वाचकाला रोज उपयोगी पडेल असा आहे.

तुमच्या तिसऱ्या मित्राचा पाऊस घ्या. पाऊस आला म्हणून वीज गेली, म्हणून मेणबत्ती लागली, म्हणून खण उघडला, म्हणून पत्रं सापडली. साखळीतून पाऊस काढला तर पत्रं सापडतच नाहीत. मग पाऊस कारण नाही कसं? कारण तो कुंभाराचा बाप आहे. त्याच्यामुळे कारण जन्माला आलं, तो स्वतः कारण झाला नाही. मेणबत्तीऐवजी तिला कात्री हवी असती तरी तोच खण उघडला असता, आणि तिचा निर्णय तोच राहिला असता. 'हे काढलं तर काय होतं' ही कसोटी आपण नेहमी लावतो, ती उपयोगी आहे, पण एकटी पुरत नाही. तिच्यासोबत दुसरा प्रश्न लावावा लागतो : याच्या जागी दुसरं काही आलं असतं तर निर्णय बदलला असता का?

एक गोष्ट मात्र इथे लक्षात ठेवायची. आयुष्यातलं गाढव कुणी मुद्दाम आणलेलं नसतं. कथेतलं आणलेलं असतं. पाऊस तिने व्यवहार का मोडला याचं कारण नसेल, पण लेखकाने तो का आणला याला कारण असू शकतं. हे दोन 'का' वेगवेगळ्या मजल्यांवरचे आहेत, आणि वाचनगटांतले निम्मे वाद ते मिसळल्याने होतात. एक जण म्हणतो 'ती रात्रीच्या अंधाराने हलली', दुसरा म्हणतो 'पाऊस हे तिच्या मनाचं प्रतीक आहे', आणि दोघांना वाटतं आपण एकमेकांना खोडतोय. खरं तर एक जण पात्राबद्दल बोलतोय, दुसरा लेखकाबद्दल. आर्गोस नगरातल्या मिटिसच्या पुतळ्याची हकिगत ॲरिस्टॉटलने दिली आहे. ज्याने मिटिसला मारलं तोच माणूस पुतळा बघत उभा होता, आणि पुतळा त्याच्या अंगावर कोसळला. पुतळा सूड घेत नाही. तसं पाहिलं तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण ऐकणाऱ्याला तो योगायोग वाटत नाही, त्यात काहीतरी योजना आहे असं वाटतं, आणि ॲरिस्टॉटल म्हणतो की असे प्रसंग जास्त परिणाम करतात. खालच्या मजल्यावर योगायोग, वरच्या मजल्यावर अर्थ. दोन्ही खरं.

आता पत्रं आणि खुणा. इथे आपल्या भाषेत एक शब्द आहे, त्याच्याशिवाय माझं काम एक दिवस चालणार नाही : निमित्त. 'ताप हे निमित्त झालं', 'भांडण हे नुसतं निमित्त'. दर्शनांत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, पण रोजच्या बोलण्यात आपण जे शेवटचं, जवळचं, डोळ्यांना दिसणारं असतं त्याला निमित्त म्हणतो आणि मूळ कारण दुसरीकडे आहे हे त्याच दमात कबूल करतो. वाचताना मात्र हे शहाणपण आपण विसरतो. परिणामाला जे वाक्य सगळ्यात चिकटून असतं तेच कारण धरतो. पत्रं शेवटच्या वाक्याच्या अगदी अलीकडे आहेत, म्हणून तुम्हाला पत्रं दिसली. यात तुमचं काही चुकलं नाही, बहुतेकांची नजर तिथेच जाते. महाभारतातल्या कर्णाच्या मृत्यूचं बघा. रथाचं चाक जमिनीत रुतलं, ते काढायला तो खाली उतरला आणि अर्जुनाने बाण मारला. एवढंच कारण म्हणून कुणी सांगितलं तर आपल्याला ते पुरणार नाही. परशुरामाचा शाप, ब्राह्मणाचा शाप, इंद्राला दिलेली कवचकुंडलं, घटोत्कचावर खर्च झालेली शक्ती, शल्याची बोलणी, हे सगळं आपण मागून ओढून आणतो. चाक हे निमित्त, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. लघुकथा वाचताना तीच सवय लावायची, कारण तिथे शाप वगैरे कुणी ठळक करून ठेवत नाही. ते 'ती काहीच बोलली नाही' अशा वाक्यांत पडलेले असतात.

मग मूळ कारण ओळखायचं कसं? मी एकच बघते : या कारणाला धरून कथेतल्या आणखी किती गोष्टी उभ्या राहतात. १९८५ साली टॉम ट्रॅबॅसो आणि पॉल व्हॅन डेन ब्रूक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की ज्या घटनेला कथेतल्या जास्त घटना कारणाने जोडलेल्या असतात, ती वाचकांना जास्त महत्त्वाची वाटते आणि जास्त लक्षात राहते. मी तेच उलट बाजूने वापरते. एखादं कारण सुचवलं की विचारते, हे धरलं तर कोणती वाक्यं बेकार होतात? ज्यात कमी वाक्यं वाया जातात ते वाचन मी जवळ ठेवते. माझ्या शिंपिणीच्या बाबतीत 'वाट बघणं सोडलं' म्हटल्यावर बटणं दुसऱ्या कपड्याला लावल्याचं वाक्य फुकट गेलं होतं. वाट बघणं सोडायला बटणं कापणं पुरे होतं, ती वापरायची गरज नव्हती. लेखकाने ती वापरली होती, आणि ते मी वाचलंच नव्हतं.

तुमच्या कथेला हे लावू. फक्त पत्रं कारण धरली तर गिऱ्हाईकाचं वाक्य आणि तिचं गप्प राहणं बेकार जातं, घर विकायला काढल्यावर कुणीतरी बघायला यायचंच. शिवाय न फोडलेली पत्रं सापडलेल्या मुलीने घर उलट लवकर विकायला हवं होतं. इतकी वर्षं आपलं कुणी वाचलंच नाही, अशा घरात थांबायचं कशाला? फक्त खुणा कारण धरल्या तर तिने गिऱ्हाईकाला तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं, रात्र कशाला लागली? 'आजच का' हा प्रश्न मी प्रत्येक कारणाला विचारते, आणि खुणांना त्याचं उत्तर देता येत नाही.

दोन्ही एकत्र धरा. दरवर्षी मुलीला चौकटीशी उभी करून तिच्या डोक्याशी पेन्सिल टेकवणारा बाप आणि तिची पत्रं न फोडता खणात टाकणारा बाप, हा एकच माणूस आहे. संध्याकाळपर्यंत तिला फक्त पहिला माहीत होता, आणि तो रंगाच्या एका हाताने पुसला जाणार हे ती मुकाट ऐकून घेऊ शकली. रात्री तिला दुसरा भेटला. आता या दोघांचा मेळ घातल्याशिवाय तिला जाता येत नाही, आणि मेळ घालायला दुसरी जागा नाही. घर गेलं की खुणाही गेल्या आणि तो खणही गेला. खुणा ही घड्याची माती, पत्रं हे निमित्त. असं वाचलं की गिऱ्हाईक, गप्प राहणं, पत्रं, रात्रीचा उशीर, 'तिने', सगळं कामाला लागतं. हे माझं वाचन आहे. पूर्ण कथेत एखादं वाक्य त्याच्या विरुद्ध जाणारं निघालं, तर मी ते आनंदाने सोडेन.

तुमच्या चौथ्या मित्राबद्दल दोन शब्द, कारण अशा माणसाला गटात लोक लवकर गप्प करतात. १९४४ साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चित्रफीत केली. तिच्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकोनाभोवती नुसते फिरतात. पहिल्या गटात ती चौतीस जणांनी पाहिली आणि काय दिसलं ते लिहिलं. एकाने फक्त आकृत्यांची हालचाल लिहिली. बाकी सगळ्यांना त्यात मारामारी, पाठलाग, हेतू, स्वभाव असलेले सजीव दिसले. तुमचा मित्र त्या एकासारखा आहे, आणि तो गटात हवा. 'आपल्याला जे दिसतंय ते तिथे आहे का' हा प्रश्न तोच विचारतो. काही कथा खरोखर विनाकारण कृतीवरच उभ्या असतात, आणि त्या वाचताना तो सगळ्यांच्या पुढे असेल. या कथेत मी त्याच्याशी सहमत नाही, ते 'तिने' या शब्दामुळे आणि एकाच दिवसात दोन वेळा दिसलेल्या बापामुळे. पण त्याला हरवायचं म्हणून कारण शोधू नका. त्याला विचारा, कोणत्या वाक्यापाशी तुला कारण असल्याचा भास झाला आणि तू तो नाकारलास? उत्तर ऐकण्यासारखं निघेल.

पुढच्या बैठकीत कथा पुन्हा मोठ्याने वाचा, सलग, मध्ये न बोलता. मग प्रत्येकाने आपलं कारण एका वाक्यात लिहावं आणि त्याच्या खाली, कथेतल्या कुठल्या वाक्याला त्या कारणाची गरज लागत नाही, तेही लिहावं. हा दुसरा भाग लोकांना जड जातो, वेळ द्या. आणि 'फोडलेलं एकच' या दोन शब्दांपाशी जरा जास्त थांबा. मराठीत 'फोडलेलं' म्हटल्यावर कुणी फोडलं ते सांगावं लागत नाही. ते वडलांनी फोडलं असं तुम्ही धरलंय, तुमच्या गटाने धरलंय, आणि वरचं सगळं लिहिताना मीही तेच धरलंय. कथेत तसं लिहिलेलं नाही.